लिगंड समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी सायन्सची, बीएस्सीची आणि जेईई-नीटच्या तयारीतली मुलं वर्षभर ज्या शंका पाठवतात, त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या इथे एकत्र केल्या आहेत. मुंबईतली बहुतेक मुलं हा धडा इंग्रजीत वाचतात आणि अडलं की मराठीत विचारतात, म्हणून उत्तरंही मराठीत. सूत्रांऐवजी नावं लिहिली आहेत. वही शेजारी घ्या आणि प्रत्येक रेणूची रचना स्वतः काढत जा. लिगंडचे तक्ते पाठ करून जे कळत नाही, ते रचना काढली की बऱ्याचदा लगेच दिसतं.

१. लिगंड म्हणजे नेमकं काय?

धातूच्या अणूला किंवा आयनाला स्वतःची इलेक्ट्रॉनची जोडी देऊन त्याला जोडला जाणारा रेणू किंवा आयन म्हणजे लिगंड. देणारा लिगंड हा लुईस बेस, घेणारा धातू हा लुईस ॲसिड. लिगंडमधला ज्या अणूवरून जोडी दिली जाते, तो दाता अणू. अमोनियात नायट्रोजन, पाण्यात ऑक्सिजन, सायनाइडमध्ये कार्बन.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. बाटलीतला अमोनिया हा नुसता अमोनिया असतो. कोबाल्टला जोडी दिली की तो लिगंड होतो. धातू आणि त्याला जोडलेले लिगंड मिळून जे बनतं, ते कॉम्प्लेक्स. म्हणजे ‘हा पदार्थ लिगंड आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘या कॉम्प्लेक्समध्ये, या धातूशी तो कसा जोडला गेलाय’ हे विचारावं लागतं. खालचे निम्मे अवघड प्रश्न याच सवयीने सुटतात.

२. चौकटी कंसाच्या आतलं आणि बाहेरचं क्लोराइड यात फरक काय? दोन्ही क्लोराइडच ना?

सूत्र लिहिताना कॉम्प्लेक्स चौकटी कंसात लिहितात. आतलं क्लोराइड धातूला बांधलेलं असतं, बाहेरचं फक्त प्रभार सांभाळायला असतं आणि पाण्यात सुटं होतं. सिल्व्हर नायट्रेट टाकलं की सुट्या क्लोराइडचाच पांढरा साका लगेच पडतो.

आल्फ्रेड वेर्नरने १८९३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, याच गोष्टीवरून सगळी मांडणी उभी केली. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची संयुगं तेव्हा माहीत होती: सहा अमोनियाचं पिवळं, पाचाचं जांभळं, चाराचं हिरवं. तिन्हींत कोबाल्टमागे क्लोरीन तीनच. पण सिल्व्हर नायट्रेटने पहिल्यात तीन, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात एकच क्लोराइड खाली बसतं. वेर्नरने याचा अर्थ लावला: कोबाल्टभोवती नेहमी सहा जागा असतात, आणि एक अमोनिया कमी झाला की त्या जागी एक क्लोराइड आत येतं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं. परीक्षेत ‘किती मोल साका पडेल’ असा प्रश्न येतो, तो हाच.

३. तुरटी आणि मोहर सॉल्ट ही कॉम्प्लेक्स का नाहीत?

कारण ती पाण्यात विरघळली की सगळे आयन सुटे होतात. मोहर सॉल्टच्या (फेरस अमोनियम सल्फेटच्या) द्रावणात फेरस आयनाच्या चाचण्या मिळतात. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्येही लोह +२ च आहे, पण त्या चाचण्या मिळत नाहीत. सहा सायनाइडांनी ते धरून ठेवलेलं असतं.

४. एकदंती, द्विदंती, बहुदंती कसं ओळखायचं?

एका लिगंडचे किती अणू एकाच धातूला प्रत्यक्ष जोडले आहेत ते मोजायचं. पाणी, अमोनिया, क्लोराइड एकदंती. एथिलिनडायअमिन दोन नायट्रोजनांनी धरतं, ऑक्झलेट दोन ऑक्सिजनांनी. डायएथिलिनट्रायअमिन तीन ठिकाणी. ईडीटीए (एथिलिनडायअमिनटेट्राॲसेटिक ॲसिड) सहा ठिकाणी: दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन.

‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा. कार्बोनेट कधी एका ऑक्सिजनने जोडलं जातं, कधी दोनांनी. पाच अमोनिया आणि एक कार्बोनेट असलेल्या कोबाल्ट +३ च्या कॉम्प्लेक्समध्ये ते एकदंती आहे. चार अमोनिया आणि एक कार्बोनेट असेल तर द्विदंती. सल्फेट, नायट्रेट, ॲसिटेट यांचंही असंच. ईडीटीएबद्दलची आणखी एक शंका प्रश्न १४ मध्ये.

५. पाण्याच्या ऑक्सिजनवर दोन लोन पेअर आहेत. मग पाणी द्विदंती का नाही?

लोन पेअर म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. पाण्यात दोन्ही जोड्या एकाच अणूवर आहेत आणि त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. एक जोडी धातूला दिली की दुसरी त्याच धातूकडे वळू शकत नाही. फार तर ती दुसऱ्या धातूला देता येते. मग लिगंड दोन धातूंमध्ये पूल होतो. हायड्रॉक्साइड आणि क्लोराइड असे पूल सर्रास बांधतात.

हायड्राझिनचा प्रश्नही इथेच येतो. त्यात दोन नायट्रोजन आहेत, दोघांवर जोडी आहे, तरी ते एका धातूला दोन्ही बाजूंनी धरत नाही. कारण धातू आणि दोन नायट्रोजन मिळून तीन अणूंचं कडं होईल आणि त्यात फार ताण येईल. पाच किंवा सहा अणूंची कडी सगळ्यात सुखाने बसतात. वहीत धातूपासून सुरुवात करून कडं मोजून पाहा: एथिलिनडायअमिनचं पाच येतं.

६. कोऑर्डिनेशन नंबर म्हणजे लिगंडची संख्या, असं चालेल का?

सगळे लिगंड एकदंती असतील तरच चालेल. कोऑर्डिनेशन नंबर म्हणजे धातूला जोडलेल्या दाता अणूंची संख्या. तीन एथिलिनडायअमिन असतील तर तो सहा. कार्बोनेटवाले जे दोन कॉम्प्लेक्स प्रश्न ४ मध्ये दिले, त्या दोन्हींत तो सहाच.

७. चिलेट इतके मजबूत का असतात? दाता अणू तर तेच, नायट्रोजनच!

बरोबर, म्हणून तर हा प्रश्न सुंदर आहे. एकाच लिगंडने दोन किंवा जास्त अणूंनी धातूला धरून कडं केलं की त्याला चिलेट म्हणतात. निकेल +२ ला सहा अमोनिया जोडले की एकूण स्थिरांकाचा (पकड किती घट्ट ते सांगणाऱ्या आकड्याचा) लॉग साधारण ८.६ येतो. तेच सहा नायट्रोजन तीन एथिलिनडायअमिनच्या रूपात दिले की तो १८ च्या वर जातो. लॉगमधला दहाचा फरक म्हणजे जवळपास एकावर दहा शून्यं इतक्या पटींचा.

मुख्य कारण एंट्रॉपी. तीन एथिलिनडायअमिन आत येताना सहा अमोनिया बाहेर पडतात. चार कणांचे सात होतात, गोंधळ वाढतो, आणि निसर्गाला ती दिशा सोपी जाते. दुसरं कारण असं: लोकलच्या दारात दोन्ही हातांनी दांडा धरलेल्या माणसाचा एक हात सुटला तरी तो पडत नाही, सुटलेला हात पुन्हा दांड्यापाशीच असतो. एका टोकाने सुटलेला चिलेट तसाच पुन्हा जोडला जातो. एकदंती अमोनिया सुटला की द्रावणात दूर निघून जातो.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि बघाच. परीक्षानळीत निकेल सल्फेटचं हिरवं द्रावण घ्या. अमोनिया थेंबाथेंबाने टाका: आधी फिकट हिरवा गढूळपणा येतो, आणखी टाकला की तो विरघळून स्वच्छ निळं द्रावण होतं. त्यात एथिलिनडायअमिन टाकलं की निळं जाऊन जांभळं होतं. पाण्याला अमोनियाने हटवलं, अमोनियाला एथिलिनडायअमिनने. एका नळीत तीन लिगंड आणि तीन रंग. प्रयोग प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर करा. एथिलिनडायअमिनची वाफ नाकाडोळ्यांना झोंबते.

८. मॅडम, पाण्याच्या कठीणपणाच्या टायट्रेशनमध्ये रंग नेमका का बदलतो? आणि तो वासाचा बफर कशाला?

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

फ्लास्कमधल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेत. एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं की ते मॅग्नेशियमला धरतं आणि वाइनसारखा लाल रंग येतो. म्हणजे इंडिकेटर स्वतःच इथे लिगंड आहे. ब्युरेटमधून ईडीटीए पडू लागतो. तो आधी सुटं कॅल्शियम घेतो, मग सुटं मॅग्नेशियम. शेवटी इंडिकेटरने धरलेलं मॅग्नेशियमही हिसकावतो. इंडिकेटर मोकळा होतो आणि पीएच १० ला मोकळ्या इंडिकेटरचा रंग निळा असतो.

हे जमतं कारण पकडींची उतरंड तशी आहे. स्थिरांकांचे लॉग बघा: कॅल्शियम-ईडीटीए सुमारे १०.७, मॅग्नेशियम-ईडीटीए ८.७, मॅग्नेशियम-इंडिकेटर ७. इंडिकेटरची पकड ईडीटीएपेक्षा घट्ट असती तर रंग बदललाच नसता. कॅल्शियम-इंडिकेटर तर ५.४ च्या आसपास, फारच सैल. म्हणून मॅग्नेशियम अजिबात नसलेल्या पाण्यात एंड पॉइंट नीट दिसत नाही आणि बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए मिसळून ठेवतात.

अमोनिया-अमोनियम क्लोराइडचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, दोन कामं करतो. पीएच खाली गेला तर ईडीटीएचे दाता अणू प्रोटॉन धरून बसतात आणि धातूला द्यायला जोडी उरत नाही. पीएच फार वर गेला, १२ च्या पुढे, तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. दहा हा मधला मार्ग. शिवाय प्रत्येक ईडीटीए धातूला धरताना प्रोटॉन सोडतो. बफर नसेल तर टायट्रेशन चालू असतानाच पीएच घसरत जाईल.

हाताची गोष्ट: लाल आणि निळ्याच्या मध्ये एक जांभळट पायरी येते. बरेच जण तिथेच थांबतात. क्षणभर फ्लास्क हलवा, एकेक थेंब टाका आणि लाल झाक पूर्ण गेली की मगच रीडिंग घ्या. आणि जमलं तर दोन नमुने घ्या: महापालिकेच्या नळाचं, म्हणजे भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं पाणी, आणि सोसायटीच्या बोअरवेलचं. बोअरवेलच्या पाण्याला ईडीटीए सहसा बराच जास्त लागतो. घरी गीझरच्या कॉइलवर पांढरा थर का चढतो, ते ब्युरेटवरच वाचता येतं.

९. रक्ततपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत पण ईडीटीए असतं म्हणे. ते का?

हो, त्याचं पोटॅशियम सॉल्ट. रक्त गोठायला कॅल्शियम आयन लागतात. ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणून सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) घेतलेलं रक्त पातळ राहतं.

शिशाच्या विषबाधेत मात्र ईडीटीए शरीरात देतात, तेव्हा कॅल्शियमचं सॉल्ट निवडतात. कारण उघड आहे: मोकळं ईडीटीए दिलं तर ते रक्तातलंच कॅल्शियम ओढून घेईल आणि जिवावर बेतेल. कॅल्शियम आधीच जोडलेलं असलं की शिसं ते हटवून स्वतः जागा घेतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत. ‘डिटॉक्स’च्या नावाने विकलं जाणारं असलं काहीही घेऊ नका.

१०. अँबिडेंटेट म्हणजे द्विदंतीच ना?

नाही. अँबिडेंटेट लिगंडमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे दाता अणू असतात, पण तो एका धातूला एका वेळी एकानेच धरतो. नायट्राइट नायट्रोजनने जोडलं तर नायट्रो, ऑक्सिजनने जोडलं तर नायट्रिटो. कोबाल्टची पाच अमोनियाची ही जोडी प्रसिद्ध आहे: नायट्रोजनवाला पिवळा, ऑक्सिजनवाला लालसर, आणि लालसर ठेवून दिला की हळूहळू पिवळा होत जातो. ऑक्झलेटमध्ये चारही दाता ऑक्सिजनच आहेत, म्हणून ते अँबिडेंटेट नाही.

कोणत्या बाजूने जोडायचं हे धातूवर ठरतं. थायोसायनेट फेरिक आयनाला नायट्रोजनने धरतं, तोच रक्तासारखा लाल रंग. पाऱ्याला आणि पॅलेडियमला बहुधा गंधकाने. हार्ड (लहान, इलेक्ट्रॉन घट्ट धरणारा) धातू हार्ड दाता पसंत करतो, सॉफ्ट (मोठा, इलेक्ट्रॉन सैल असलेला) धातू सॉफ्ट, हे पिअरसनचं तत्त्व.

११. क्लोरो लिहू की क्लोरिडो?

क्लोरिडो. आययूपीएसीच्या (रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) २००५ च्या शिफारशींनुसार ऋण लिगंडचं नाव असंच संपतं. जुन्या पुस्तकात क्लोरो दिसलं तर गोंधळू नका.

१२. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ऑक्सिजन जास्त विद्युतऋण आहे. मग धातूला कार्बन का जोडला जातो?

जास्त विद्युतऋण म्हणजे जोडी घट्ट धरून ठेवणारा. देण्याच्या कामी तो मागेच राहणार. या रेणूचं सर्वांत वरचं भरलेलं ऑर्बिटल मुख्यतः कार्बनवर, रेणूच्या बाहेर तोंड करून असतं. म्हणून कार्बन देतो.

पण एवढ्याने कोडं सुटत नाही. कार्बन मोनॉक्साइड अगदी दुबळा बेस आहे, तरी निकेलला चौघे मिळून धरतात आणि निकेलचं ऑक्सिडेशन स्टेट शून्य असतं! इथे देवाणघेवाण दोन्हीकडून चालते. लिगंड सिग्मा जोडी देतो आणि धातू आपले डी इलेक्ट्रॉन लिगंडच्या रिकाम्या पाय-अँटिबाँडिंग ऑर्बिटलमध्ये परत देतो. याला बॅक-बाँडिंग म्हणतात. पुरावा इन्फ्रारेडमध्ये मिळतो: सुट्या रेणूचा ताण-कंपनाचा आकडा २१४३ प्रति सेंटिमीटर, क्रोमियमच्या सहा कार्बोनिलांच्या कॉम्प्लेक्समध्ये तो २००० च्या आसपास उतरतो. अँटिबाँडिंगमध्ये इलेक्ट्रॉन आले, कार्बन-ऑक्सिजन बंध ढिला झाला.

हीच पकड हिमोग्लोबिनच्या लोहावर जीवघेणी ठरते. ऑक्सिजनच्या दोनशेपट किंवा त्याहूनही जास्त आसक्तीने हा वायू तिथे बसतो. फ्लॅटच्या लहानशा बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालवणं म्हणूनच धोक्याचं. हे उत्तर वाचून एका घराने जरी गीझर बाहेर हलवला तरी मला फार बरं वाटेल.

१३. लोन पेअर नसलेला लिगंड असू शकतो का?

असू शकतो. झाइझच्या सॉल्टमध्ये प्लॅटिनमला तीन क्लोराइड आणि एक एथिलिन जोडलेलं आहे. एथिलिनवर लोन पेअर नाही. ते दुहेरी बंधातली पाय जोडी देतं. फेरोसीनमध्ये (१९५१) लोहाला दोन पंचकोनी कडी सपाट बाजूने धरतात, प्रत्येकीचे पाचही कार्बन जोडलेले. १९८४ साली कुबासने तर हायड्रोजनचा अख्खा रेणू आपल्या सिग्मा बंधाने धातूला जोडला गेल्याचं दाखवलं. तेव्हा प्रश्न १ ची व्याख्या ‘इलेक्ट्रॉनची जोडी’ अशीच लक्षात ठेवा, ‘लोन पेअर’ अशी नको.

१४. ईडीटीए सहादंती, म्हणजे त्याच्या कॉम्प्लेक्सचा कोऑर्डिनेशन नंबर नेहमी सहा?

नाही. फेरिक-ईडीटीएमध्ये सहा दाता अणूंशिवाय एक पाणीही लोहाला जोडलेलं असतं, म्हणून सात.

१५. पाणी वीक लिगंड, सायनाइड स्ट्राँग. ही यादी पाठ केली की जोडीकरण ठरवता येतं ना?

इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात. लिगंड जवळ आले की धातूच्या डी ऑर्बिटलांच्या दोन पातळ्या होतात. त्यांच्यातलं अंतर मोठं (स्ट्राँग लिगंड) असेल तर इलेक्ट्रॉन खालीच जोड्या लावतात, हे जोडीकरण, म्हणजे लो स्पिन; लहान (वीक लिगंड) असेल तर सुटे राहून वरही जातात, ते हाय स्पिन. ही यादी त्सुचिदाने १९३८ साली रंगांच्या अभ्यासावरून लावली: आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड, फ्लोराइड, हायड्रॉक्साइड, ऑक्झलेट, पाणी, अमोनिया, एथिलिनडायअमिन, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड, अशी वाढत्या क्रमाने. ती लिगंडबद्दल सांगते. जोडीकरण मात्र धातूचं ऑक्सिडेशन स्टेट, आवर्तसारणीतली त्याची ओळ आणि डी इलेक्ट्रॉनची संख्या यांवरही ठरतं.

कोबाल्ट +३ घ्या. सहा फ्लोराइडांबरोबर तो हाय स्पिन असतो. सहा पाण्यांबरोबर लो स्पिन होतो, पाणी ‘वीक’ असूनही. त्याचा +३ प्रभार लिगंडना इतकं जवळ खेचतो की पातळ्यांमधलं अंतर पुरेसं वाढतं. आता अमोनिया घ्या: कोबाल्ट +३ बरोबर लो स्पिन, कोबाल्ट +२ बरोबर हाय स्पिन. तोच लिगंड, तोच धातू. प्लॅटिनम, इरिडियम अशा खालच्या ओळीतल्या धातूंमध्ये क्लोराइडही सहसा जोड्या लावायला भाग पाडतं.

क्रोमियम +३ ला सायनाइड लावलं तरी तीन इलेक्ट्रॉन सुटेच राहतात. तीन ऑर्बिटल, तीन इलेक्ट्रॉन. जोडी लावायचं कारणच नाही. अष्टफलकात हा प्रश्न फक्त डी-४ ते डी-७ मध्ये, म्हणजे चार ते सात डी इलेक्ट्रॉन असताना, येतो. आधी डी इलेक्ट्रॉन मोजा, मग यादी उघडा.

आणखी एक चांगली शंका येते: फ्लोराइडवर ऋण प्रभार आहे, पाण्यावर नाही, मग फ्लोराइड खाली कसं? कारण हॅलाइड सिग्मा जोडीबरोबर पाय जोड्याही धातूकडे ढकलतात आणि त्यामुळे पातळ्यांमधलं अंतर घटतं. कार्बन मोनॉक्साइड याच्या उलट, पाय इलेक्ट्रॉन घेतं (प्रश्न १२), म्हणून ते टोकाला.

१६. मोरचुदात (कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकांत) पाण्याचे पाच रेणू आहेत. पाचही लिगंड का?

चारच. पाचवा तांब्याला जोडलेला नसतो, तो हायड्रोजन बंधांनी सल्फेटजवळ धरलेला असतो. तांब्याभोवतीच्या उरलेल्या दोन जागा, थोड्या लांबवर, सल्फेटचे ऑक्सिजन घेतात. मोरचूद तापवलं की निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते आणि पाण्याचा थेंब टाकला की निळं परत येतं. रंग तांब्यासोबत त्याच्या लिगंडचाही आहे, हे दाखवायला यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही.

१७. नायट्रिक ऑक्साइडवर प्रभार काय धरायचा? ब्राउन रिंगमध्ये लोह +१ कसं?

पाठ्यपुस्तकात ब्राउन रिंगसाठी (नायट्रेटच्या चाचणीत दिसणाऱ्या तपकिरी कड्यासाठी) नायट्रिक ऑक्साइड +१ आणि लोह +१ असं दिलेलं असतं. परीक्षेत तेच लिहा. पुढे शिकणाऱ्यांनी मात्र हे जाणून असावं: २०१९ साली या आयनाचे स्फटिक मिळवून केलेल्या अभ्यासात लोह +३ आणि नायट्रिक ऑक्साइड −१ हे वर्णन जास्त जुळलं. नायट्रोप्रुसाइडमध्ये मात्र हाच लिगंड +१ आणि लोह +२ असतं. धातू-नायट्रोजन-ऑक्सिजन रेषा सरळ असेल तर +१ आणि वाकलेली असेल तर −१, ही खूण बऱ्याचदा उपयोगी पडते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

१८. कॉम्प्लेक्स स्टेबल असेल तर त्याचे लिगंड सहज बदलणार नाहीत, बरोबर?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निकेलचा चार सायनाइडांचा कॉम्प्लेक्स कमालीचा स्थिर आहे, तरी त्यातले सायनाइड द्रावणातल्या सायनाइडांशी झपाट्याने अदलाबदल करत असतात. कोबाल्ट +३ चा सहा अमोनियाचा कॉम्प्लेक्स आम्लात टिकायला नको असतो, तरी दिवसेंदिवस तसाच राहतो. पहिला स्थिर पण चपळ, दुसरा अस्थिर पण सुस्त. हेन्री टाउबेने हा फरक इलेक्ट्रॉन रचनेशी जोडून दाखवला; धातू कॉम्प्लेक्समधल्या इलेक्ट्रॉन स्थलांतराच्या कामासाठी १९८३ चं नोबेल त्याला मिळालं.

१९. सिसप्लॅटिन औषध आहे आणि ट्रान्सप्लॅटिन का नाही? लिगंड तर तेच!

लिगंड तेच, जागा वेगळ्या. सिसप्लॅटिनमध्ये दोन अमोनिया शेजारी-शेजारी, दोन क्लोराइड शेजारी-शेजारी. क्लोराइड निघून गेली की त्या दोन शेजारच्या जागांवर डीएनएच्या एकाच धाग्यावरचे लगतचे दोन ग्वानिन येऊन बसतात आणि डीएनए तिथे वाकतो. ट्रान्समध्ये मोकळ्या होणाऱ्या जागा समोरासमोर असतात. लगतचे दोन ग्वानिन तसे धरता येत नाहीत.

बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६५ साली हा परिणाम प्रथम दिसला, तोही जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांमुळे. १९७८ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. परळच्या टाटा मेमोरियलनेही तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये हे औषध दर आठवड्याला द्यावं की तीन आठवड्यांनी, याची चाचणी करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यात क्लोराइडची भूमिका बघण्यासारखी आहे. रक्तात क्लोराइड भरपूर, सुमारे १०० मिलिमोलर, म्हणून तिथे औषधावरची क्लोराइड सहसा जागा सोडत नाहीत. पेशीच्या आत ते फार कमी. तिथे पाणी येऊन त्यांची जागा घेतं आणि औषध जागं होतं. सिसप्लॅटिन सलाइनमधूनच देतात, त्याचं एक कारण हेच: बाटलीतल्या मिठाच्या क्लोराइडमुळे ते नसेत जाण्याआधीच पाण्याशी लिगंड बदलून बसत नाही.